इंदूचा उंडा

आमच्या घरात एक ठराव झाला होता. इंदू वर्षाची होईपर्यंत तिला घट्ट काही द्यायचं नाही. ठराव मी मांडला, बायकोनं, म्हणजे देवयानीनं, मान हलवली, आणि आईनं "तुझी पोरगी, तू बघ" म्हणून तो एकमतानं मंजूर केला. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवताना मी 'एकमतानं' हा शब्द फार जपून वापरतो. घरी चूक झाली.

त्याचं असं झालं की बाळाच्या घशात घास अडकला तर काय करावं, याचं एक शिबिर मी केलं होतं. तिथल्या रबरी बाहुलीच्या पाठीवर थापट्या मारून आल्यापासून मला जगातली प्रत्येक वस्तू घशाच्या मापाची दिसू लागली. घरातली शेंगाची चटणी मी माळ्यावर चढवली. सोलापुरात एवढ्यावरून सोयरीक मोडते.

रोज सकाळी मी गाजर, भोपळा, डाळ शिजवायचो, मिक्सरला लावायचो, गाळायचो आणि डबे भरून फ्रीजमध्ये ठेवून कॉलेजला जायचो. संध्याकाळी डबे घासून पालथे घातलेले असायचे.

"सगळं खाल्लं?"

"सगळं," देवयानी म्हणायची. आई मान डोलवायची. चाळिशीनंतर बाप झालेल्या माणसाला आणखी काय हवं असतं?

वेळ अमावस्येच्या सणाला आम्ही मंद्रूपला सोमलिंगमामाच्या शेतात जेवायला गेलो. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा झाली, घोंगड्यांवर पंगत बसली. इंदूचं पातळ खाणं मी थर्मासमधून नेलं होतं. ते वाटीत ओतेपर्यंत आईच्या मांडीवर बसलेल्या इंदूनं ताटातला उंडा, म्हणजे पिठाचा वाफवलेला गोळा, बोटांनी कुस्करला आणि त्यातला तुकडा तोंडात घातला.

ती खाकरली. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. मी वाटी टाकली आणि तिला ओढून हातावर पालथी घातली.

"अरे, सरळ बसव तिला!" आई ओरडली. "खोकतीय ना? मग येईल बाहेर. अशीच काढते ती."

मी तिला बसवलं. इंदूनं जोरात खोकून घास पुढं आणला, हिरड्यांनी सराईतपणे पुन्हा चावला, गिळला आणि टाळ्या वाजवल्या. आई आणि देवयानीनंही वाजवल्या. मग त्यांना मी दिसलो.

"अशीच काढते म्हणजे?"

दोघी आपापल्या ताटांकडं वळल्या. मामा मात्र पालेभाज्या-डाळींची भज्जी वाढत होते, आणि त्यांना ठरावाची कल्पना नव्हती. "लई गुणाची हाय पोरगी! गेल्या बाजाराला आक्का घिऊन आलती की. दुधातली भाकरी खाल्ली, रताळं खाल्लं. व्हय की गं आक्का?"

"सोमलिंगा, तू वाढ," आई म्हणाली.

देवयानीनं डॉक्टरांना पुढं केलं. "वीरभद्रप्पा डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय, मऊ तुकडे द्या म्हणून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुझ्यासमोरच सांगितलं. तू म्हणालास, बघू. मग ते मला म्हणाले, सर कॉलेजला गेले की देत जा."

"आणि डबे?"

आईनं पदर सारखा केला. "मी खात होते. एवढं गाळून करतोस, टाकवत नाही रे. भोपळ्याचं बरं असतं. बीट नको करत जाऊ."

मग मी जेवलो, आंबील प्यालो, मामांच्या विनोदांना हसलोही. माझ्या पोरीचं पहिलं रताळं झालं, पहिली भाकरी झाली, आणि तरी इतके दिवस रोज रात्री माझ्या चमच्यातलं पातळ ती मुकाट्यानं गिळत राहिली. तिलाही कुणीतरी समजावून ठेवलं असावं.

परतताना गाडी मी चालवत होतो. मागं दोघी, मध्ये झोपलेली इंदू.

"मी नसताना अजून काय काय चालतं?"

"तू घाबरशील," देवयानी म्हणाली.

"नाही घाबरणार."

"उभी राहते. पलंगाला धरून."

"पावलंही टाकते," आई म्हणाली.

"पडली का कधी?"

आरशात देवयानीनं आईकडं पाहिलं आणि आईनं बाहेरच्या ज्वारीकडं.

"उद्या रजा टाकतो," मी म्हणालो. "मला बघायचंय."

"टाक की," आई म्हणाली. "पण तू समोर असलास की ती उठतच नाही रे."