चार कोपऱ्यांची जाळी

जावई घरात शिरला तो एका हातात बायकोची बॅग आणि दुसऱ्या हातात झाकणाची बादली घेऊन. नेव्हिलने बॅगेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. झाकणाला पाडलेली भोकं पाहूनच आत काय आहे ते त्याला कळलं, आणि तिथेच त्याचं डोकं फिरलं.

"हे काय आणलंस?"

"रॅस मासा आहे. नर," डॅमियन म्हणाला. "पुराचं पाणी घरात शिरलं, टाकी उलटली, बाकीचे सगळे मेले. हा एवढा वाचला."

"वाचला तोही नेमका नर. आणि राहायला माझ्याकडे!"

"डॅड," ब्रॉन म्हणाली, "निदान आम्हाला उंबरठा तरी ओलांडू दे."

नेव्हिलची उभी हयात टाउन्सव्हिलच्या बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटींची इंजिनं उघडण्यात गेली होती. बायको, बेरिल, गेल्यापासून खांबांवरच्या त्या लाकडी घरात दोघंच उरले होते: नेव्हिल आणि पुढच्या खोलीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला सार्ज. तीन माद्यांवर राज्य करणारा, लालभडक, वीतभर लांबीचा म्हातारा रॅस. काचेजवळ कुणी आलं की पर फुलवून अंगावर यायचा. सार्ज, म्हणजे सार्जंट, हे नाव बेरिलने ठेवलेलं. "या घरात मला दोन सांभाळावे लागतात," असं ती पाहुण्यांना सांगायची, आणि नेव्हिल मनातून खूश व्हायचा.

मुलगी घरी आली याचा त्याला आनंद झाला होता. खरं तर त्याला जगात दुसरं काही नको होतं. सकाळी स्वयंपाकघरात कुणीतरी टोस्ट जाळावा, कुणीतरी त्याच्यावर खेकसावं, बस. पण मुलगी एकटी येत नाही, बरोबर हा लांब केसांचा, बारीक आवाजाचा, प्रत्येक गोष्टीत दोन शब्द जास्त बोलणारा प्राणी घेऊन येते, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

पहिली ठिणगी त्याच संध्याकाळी पडली.

"तुमच्या सार्जला थोडे दिवस डब्यात ठेवू," डॅमियनने सुचवलं. टाकीच्या आतल्या कडेला अडकवायचा, भोकांचा पारदर्शक डबा त्याने बरोबरच आणला होता. "तोवर माझा टाकीत रुळेल. मग सार्जला सोडला की त्यालाच आपण नवखे आहोत असं वाटेल. भांडण होत नाही. सगळे असंच करतात."

"म्हणजे घरमालक कोठडीत आणि पाहुणा पलंगावर?"

"मी माशांबद्दल बोलतोय."

"मी पण माशांबद्दलच बोलतोय."

ब्रॉन हसली नाही. शेवटी डॅमियनचाच मासा डब्यात गेला. निळसर पाठीचा, पिवळ्या शेपटीचा तो पोरगेला नर डब्यात गोल फिरत राहिला आणि सार्ज दिवसभर बाहेरून डब्यावर धडका देत राहिला. नेव्हिल खुर्ची ओढून समोर बसायचा. सार्जची प्रत्येक धडक त्याला आपणच मारल्यासारखी वाटायची.

घरातही वेगळं काही चाललं नव्हतं. डॅमियनने न विचारता टाकीतल्या पंपाचं तोंड भिंतीकडे वळवलं. नेव्हिलने ते परत वळवलं. डॅमियनने अंगणात सॉसेज भाजली. नेव्हिलने ती कुत्र्यालाही चालणार नाहीत असं सांगून डबाबंद बीन्स खाल्ले. डॅमियन म्हणाला, टाकीत मीठ जरा कमी आहे. नेव्हिल म्हणाला, डोक्यात अक्कल कमी असण्यापेक्षा ते बरं. शब्दाने शब्द वाढायचा आणि ब्रॉन दार आपटून मागच्या खोलीत जायची.

एके दिवशी ती गच्चीवजा व्हरांड्यात बापासमोर येऊन उभी राहिली. झाडावरून पडलेले आंबे उष्म्याने सडत होते आणि त्यांचा आंबूस वास वर येत होता.

"डॅड, ऐक. आम्हाला इथेच राहावंसं वाटतंय. घराखालची मोकळी जागा बंद करून डॅमियन दोन खोल्या काढेल. तू वर, आम्ही खाली. मला तुला एकटं टाकायचं नाहीये."

आनंद दाखवायची नेव्हिलला सवय नव्हती. "आणि तो?" एवढंच त्याने विचारलं.

"तो माझा नवरा आहे. तो पण राहणार. त्याच्या आईने आम्हाला तिच्याकडे मकायला बोलावलंय. तिकडे गेलो तर मी काही सारखी यायची नाही, सांगून ठेवते. तुला त्याचा एक मासा टाकीत खपवून घेता आला ना, तर मी समजेन तुला तोही खपेल. नाही तर मला उगाच आशा लावू नकोस."

"मासा म्हणजे मासा. त्याचा काय संबंध?"

"या घरात संबंध नाही असं तूच म्हणतोस?"

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. सार्जने नव्या माशाला टाकीभर पिटाळलं, त्याच्या पिवळ्या शेपटीचा तुकडा पाडला, डाव्या हाताच्या खडकामागे कोंडून घातलं. नेव्हिल समाधानाने चहा प्यायला. पण दुपारपर्यंत धडका कमी झाल्या. संध्याकाळी कोळंबीचा चुरा टाकला तेव्हा दोघे वेगवेगळ्या टोकांना खाऊ लागले, आणि मग सार्ज वाळूत शिरून निमूट झोपलाही.

डॅमियनच्या चेहऱ्यावर हसू मावेना. "बघा, नेव्हिल! तुमच्यापेक्षा तुमच्या सार्जला जास्त समजतं."

ब्रॉनही हसली. त्याच्याबरोबर हसली, बापावर हसली. नेव्हिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सार्जने असा ऐन वेळी दगा द्यावा! त्या रात्री त्याने मनात हिशेब मांडला. मासा मेला की हा डॅमियन आकांडतांडव करेल, नको ते बोलेल, आईकडे निघून जाईल. ब्रॉन चार दिवस रडेल आणि इथेच राहील. पोरीच्या स्वभावाचा असा अंदाज बांधताना, ती आपलीच पोर आहे हे तो विसरला.

रॅस घाबरला की वर उडी मारतो. बोट जाईल एवढी फट त्याला पुरते. म्हणून या घरात टाकीवर जाळी असायची आणि जाळीच्या चारही कोपऱ्यांना चाप. ब्रॉन शाळेत असताना तिच्याकडून एक चाप उघडा राहिला होता आणि एक मादी जमिनीवर वाळून पडली होती. नेव्हिल कित्येक दिवस तिच्याशी बोलला नव्हता. पुढे रोज झोपण्याआधी तो खोलीतून ओरडायचा, "कोपरे?" आणि तिने चारही चापांवर हात फिरवून उत्तर द्यायचं, "चार!" बेरिल कपाळाला हात लावायची. लग्न होऊन घर सोडेपर्यंत ब्रॉनचं हे चालू होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं बाहेर गेली. नेव्हिलने डाव्या खडकावरचा चाप काढला, जाळीचा कोपरा दुमडला. मग टाकीचा दिवा खटकन बंद केला. रॅसना अंधार हळूहळू लागतो; अचानक झाला की ते वेड्यासारखे उधळतात. पाण्यात फडफड झाली. त्याने वळून पाहिलं नाही. किल्ल्या घेतल्या आणि गरज नसलेले स्क्रू आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेला.

परतला तेव्हा ती दोघं आलेली होती. टाकीचा दिवा पुन्हा लावलेला होता. ब्रॉनच्या हातात बशी होती. बशीत तो निळा मासा, डोळे आत गेलेले, अंगाला जमिनीवरची धूळ चिकटलेली.

नेव्हिलने तयारी करून ठेवलेलं वाक्य काढलं. "अरेरे. खायला घालताना माझ्याकडून जाळी नीट बसवायची राहिली वाटतं."

तो डॅमियनकडे पाहत होता. आता हा भडकेल, आता तोंड सोडेल. डॅमियनचे डोळे लाल झाले होते, पण त्याने नुसता नाक ओढून श्वास घेतला.

"होतं असं," तो म्हणाला. "प्रत्येकाकडून एकदा तरी होतं. माझ्या हातून दोन गेलेत असे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, नेव्हिल."

नेव्हिलला त्या क्षणी त्याचा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता.

ब्रॉनने बशी टेबलावर ठेवली, टाकीपाशी गेली, आणि लहानपणी फिरवायची तसा जाळीवर हात फिरवला. एक, दोन, तीन. मग वळून बापाकडे पाहिलं.

"कोपरे?" तिने विचारलं.

नेव्हिलने किल्ल्या खिशात घातल्या, पुन्हा बाहेर काढल्या.

"डॅड, मी विचारतेय. कोपरे?"

"जाऊ दे ना, ब्रॉन," डॅमियन म्हणाला. "म्हातारा माणूस आहे, विसरला."

"हा माणूस विसरत नाही," ब्रॉन म्हणाली. "मम्मीला दवाखान्यात नेलं त्या दिवशी रुग्णवाहिका दारात उभी होती आणि याने मला परत घरात पाठवलं होतं. चाप बघून ये म्हणून."

डॅमियनने एकदा जाळीकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे. मग तो गुपचूप मागच्या खोलीत बॅग भरायला गेला.

"तुझ्यासाठीच केलं," नेव्हिल म्हणाला. "तो गेला असता. तू राहिली असतीस."

"मी राहणारच होते, डॅड."

संध्याकाळच्या आत त्यांची गाडी रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी झाली. डबा टाकीतच अडकवलेला राहिला. बादली व्हरांड्यात.

पुढच्या काही दिवसांत नेव्हिलने मकायला फोन लावला. एकदा डॅमियनने उचलला, "ती बोलणार नाही म्हणते," एवढं सभ्यपणे सांगितलं आणि ठेवला. त्याच्या सभ्यपणाला शिव्या देत नेव्हिल खुर्चीत बसून राहिला. सार्जही आता फिका पडत चालला होता. माद्या होत्या, पण लढायला कुणी नव्हतं. लाल रंग विटून विटकरी झाला. अशा वेळी पाळणारे काचेला बाहेरून आरसा लावतात. न्हाणीघरात ब्रॉनचा हातआरसा राहिला होता. नेव्हिलने तो काचेला टेकवला. सार्ज खडकामागून आला, थबकला, पर फुलवून आरशावर तुटून पडला. रंग भडकला. नेव्हिल हात भरून येईपर्यंत आरसा धरून उभा राहिला. आरसा काढताच सार्ज थोडा वेळ इकडेतिकडे शोधत फिरला आणि वाळूत शिरला.

अंधार पडला. नेव्हिलने टाकीचा दिवा हळूहळू मंद केला. मग मागच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून तो नेहमीच्या मोठ्या आवाजात ओरडला,

"कोपरे?"

मग त्याने स्वतःच जाळीवर हात फिरवला. चारही चाप लागलेले होते.