पुसलेली काच

भावोजींच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे, हे मी तेव्हाच ओळखलं. ह्यांना जाऊन महिना झाला नाही, तोच सुरू: "वहिनी, दादाचा फोन दोन दिवस द्या ना." कशाला? तर म्हणे, उघडतो का बघतो. अहो, तुम्ही दोघं भाऊ गॅरेजवाले, तुम्हाला फोनमधलं काय कळतंय!

त्या फोनमध्ये ह्यांचा आवाज आहे. गाडी दुरुस्तीला आली की हे इंजिनाचा आवाज भरून घ्यायचे आणि वर स्वतः बोलायचे, "हं, इथे खरखर येतेय." मला तो आवाज ऐकायचाय. एकदा तरी. पण कुलूप ठिपके जोडून उघडायचं, आणि ते कसे जोडायचे हे कुणालाच सांगून गेले नाहीत.

शेवटच्या दिवशी गॅरेजमध्ये भावाभावांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तेही भरलं गेलं असणार, आणि भावोजींना तेच उडवायचंय. दुसरं काय असणार!

काल गच्चीवरून कपडे घेऊन खाली आले, तर भावोजी माझ्या खोलीत. खिडकीपाशी उभे राहून ह्यांचा फोन उन्हात तिरका धरलेला.

"वहिनी, हे बघा—"

"काही बघायचं नाही! माझ्या कपाटाला हात लावायची हिंमत कशी झाली?" मी फोन हिसकावला आणि त्यांना घराबाहेर काढलं.

मग म्हटलं, आता पुराव्यासकटच पकडते. स्पिरिट घेतलं, चष्म्याचं फडकं घेतलं आणि काच लख्ख पुसली. पुन्हा हात लावला, तर बोटं उमटलीच पाहिजेत. काय तो मळ! आयुष्यभर ह्यांच्या मागे लागले होते, फोन आहे की तव्याचं बूड? हे म्हणायचे, "राहू दे गं, कामाचा फोन आहे." काल अडवायला कुणी नव्हतं.

आज सकाळी भावोजी मोबाइल दुरुस्तीवाल्याला घेऊन दारात. मी फोन दिला, पण नजर हटवली नाही. त्याने टॉर्चचा उजेड पाडला, फोन असा धरला, तसा धरला.

"काच कुणी पुसली?"

"मी. का?"

"ठिपके जोडताना रोज एकाच वाटेने बोट फिरतं ना, त्यातून ग्रीसचा हात. वाट उमटलेली असते. आता दिसत नाही. फोन चालू करून देईन, पण आतलं सगळं जाईल."

मी फोन त्याच्या हातून परत घेतला.

"काल उन्हात दिसायला लागली होती," भावोजी म्हणाले. "तेच सांगत होतो, पण नीट टिपायच्या आत तुम्ही फोन हिसकावलात."

"भांडण पुसायचं होतं ना तुम्हाला?"

"भांडण झाल्यावर दादा हसला होता, वहिनी. मला तेवढं ऐकायचं होतं."

मला रडू आवरेना. तशीच आत गेले आणि फडकं शोधायला लागले, ह्यांच्या बोटांचं काही तरी उरलं असेल म्हणून. ते दोरीवर होतं. कालच धुतलं होतं मी, साबण लावून.