पऱ्हाटीच्या ढिगातली भुरी

भुरी परवापासून घरी आली नव्हती. पुनमनं गोठा पाहिला, कडब्याची गंज पाहिली, शेजारच्या माळवदावरही चढून आली. सासू शकुबाई चुलीपुढून म्हणाली, "कशाला उन्हाची हिंडून राहिलीस? मांजराला कळतं. मरायची वेळ आली की ते घर सोडतं."

पुनमला ते पटत नव्हतं, पण खोटंही म्हणता येत नव्हतं. भुरी थकली होती. एका उडीत फळी गाठणारी ती, आता खाटेवर चढायलाही घुटमळायची. नखं वाढून गोधडीत अडकायची. अलीकडं तर दुधाच्या ताटलीशी यायची, वास घ्यायची नि तोंड फिरवून निघून जायची. पुनमची पोरगी ऐश्वर्या पोटात होती तेव्हा आलेलं हे पिल्लू. ती आता आठवीत होती.

शेजारच्या धुरपताबाईनं भुरीला रानाकडं जाताना पाहिलं होतं. तेवढं कळताच पुनम तशीच शेतावर निघाली.

कापूस निघून गेला होता. उपटलेल्या पऱ्हाट्यांचा डोक्याएवढा उंच ढीग बांधाजवळ पडला होता. सासरे संतराम आज तो जाळणार होते. पुनम हाका मारत ढिगाला वळसा घालू लागली आणि खालच्या पोकळीत तिला राखी शेपूट दिसलं.

"भुरे."

मांजर पाठमोरं होतं, हाताच्या अंतरावर. त्याचा कानही हलला नाही. पुनम आणखी खाली वाकली. मग तिला बरगड्या वरखाली होताना दिसल्या. तिनं टाळी वाजवली, पुन्हा जोरात वाजवली. काहीच नाही. भुरीला ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात धुराचा वास आला. पलीकडून काड्या तडतडू लागल्या.

"मामा, थांबा! भुरी आत हाय!"

संतराम पलीकडून धावत आले. "सर मागं. पेटलं ते. वारं इकडंच हाय."

पुनमनं हात आत घातला. अचानक स्पर्श होताच भुरी दचकली, तिला ओरबाडून आणखी आत सरकली, आगीच्या बाजूला. पुनम पालथी झाली आणि खांद्यापर्यंत आत शिरली.

"मांजरापायी जीव देती काय?" संतराम ओरडले. पण ते दूर गेले नाहीत. दोन्ही हातांनी पेटत्या बाजूच्या पऱ्हाट्या ओढून लांब फेकू लागले. धुरानं पुनमला काही दिसेना. बोटांना केस लागले, मग मानेची सैल कातडी. तिनं घट्ट धरलं आणि मागं सरकली. बाहेर आली तेव्हा तिचा पदर काळा पडला होता.

संध्याकाळच्या आत ते वसमतच्या जनावरांच्या दवाखान्यात पोचले. डॉक्टरांनी भुरीचं तोंड उघडून पाहिलं. "दाढ सडलीय. भूक असूनही खाता येत नव्हतं हिला. वय?"

"तेरा असंल."

"म्हणजे माणसाच्या हिशोबानं सत्तरीजवळ. दाढ काढावी लागंल, पण या वयात भूल झेपंलच असं न्हाई. आधी सलाईन देतो. मग तुम्ही ठरवा."

पुनमनं सासऱ्यांकडं पाहिलं. ते भाजलेल्या हातावर फुंकर घालत होते. "असं उपाशी ठेवून मारायचं का?" ते म्हणाले. "काढा दाढ."

दोघं बाहेरच्या बाकावर बसले. दार उघडलं की पुनम उठून उभी राहायची. शेवटी डॉक्टरांनी बोलावलं. भुरीची जीभ बाहेर लोंबत होती आणि श्वास चालू होता.

आता शकुबाई भाकर दुधात पार कुस्करून देते. भुरीचं झोपायचं पोतं खाली जमिनीवर आलं. नखं पुनम कापते. जवळ जायचं तर आधी पाय आपटायचा, म्हणजे हादऱ्यानं भुरीला कळतं आणि ती दचकत नाही. डॉक्टर म्हणाले, किती दिवस काढेल सांगता येत नाही. म्हणून सकाळी उठल्यावर पुनम आधी त्या पोत्याकडं जाते, पोट हलताना पाहते, मगच चूल पेटवते.