माझ्या पोटात ओतलेला बर्फ

मित्रांनो, आधी नाकावरचा रुमाल काढा. मी एक जुनी सिमेंटची टाकी आहे. आल्प्स पर्वतातल्या वाल्देरा गावाचं सगळं सांडपाणी माझ्या पोटात येतं. मला बांधलं तेव्हा बँड वाजला, भाषणं झाली. त्यानंतर मात्र माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

माझ्या पोटातल्या तपकिरी गाळात कोट्यवधी जिवाणू राहतात. घाण खाऊन पाणी निवळायचं काम खरं तर त्यांचं, मी नुसतं त्यांचं घर. त्यांना हवा लागते आणि थोडी ऊबही लागते. त्यांची काळजी माझा राखणदार जाखेन घेतो. निवळलेलं पाणी ओढ्यात जाई, आणि ओढ्याचं पाणी पुढे जाखेनच्या थोरल्या बहिणीच्या, मेंजाच्या तळ्यांत. मेंजा ट्राउट मासे पाळायची. तो याच ओढ्यातला वाण होता, तिच्या वडिलांनी जपलेला. दुसरीकडे तो कुठेच उरला नव्हता.

आमच्याकडे मोठा बर्फ पडला की घरटी एक माणूस फावडं घेऊन येतो आणि सगळे मिळून गल्ल्या मोकळ्या करतात. तो बर्फ खालच्या कुरणात नेऊन टाकायची रीत आहे. पण त्या फेब्रुवारीत कुरणावरचा बर्फ घोड्यांच्या शर्यतीसाठी दाबून गुळगुळीत केला होता. मग बर्फ टाकायचा कुठे? सगळे माझ्या कुंपणालगतच्या गटाराच्या झाकणाभोवती जमले.

"जाखेन, उघड की झाकण," गावप्रमुख प्लासी म्हणाले. "दुपारच्या आत मोकळे होऊ."

"अहो, आत जिवाणू आहेत. गारठले तर संपलंच सगळं."

"ऐका रे! याच्या किड्यांना थंडी वाजते म्हणे!"

"मग स्वेटर विण की त्यांना!"

"भाव खाऊ नकोस. गटार काय तुझ्या बापाचं आहे?"

सगळे खो खो हसले. जाखेनचे कान लाल झाले. त्याला याच माणसांत राहायचं होतं. त्याने आकडा घालून झाकण उचललं आणि पुटपुटला, "थोडाच टाका हं."

थोडाच! गल्ल्यांतला सगळा बर्फ, तो वितळावा म्हणून रस्त्यावर पसरलेल्या मिठासकट, माझ्या पोटात आला. एवढी थंडी मी कधी सोसली नव्हती. जिवाणू सुन्न पडले. बर्फाच्या पाण्याचा लोंढा गाळ उचलून माझ्या काठावरून थेट ओढ्यात घेऊन गेला. जाखेनने पंप जोरात सोडले, झडपा फिरवल्या, पण काही उपयोग झाला नाही. आणि मला कुठे हात आहेत, मित्रांनो?

शर्यतीच्या दिवशी कुरणावर टाळ्या वाजत होत्या, तेव्हा मेंजा वर आली. ओच्यातले मेलेले मासे तिने एकेक करून माझ्या काठावर मांडले.

"पिल्लं गेली. जुने मासेही गेले. एकसुद्धा उरला नाही," ती म्हणाली. "झाकण कोणी उघडलं?"

"मी, ताई."

"त्यांना नव्हतं ठाऊक. पण तुला तर ठाऊक होतं ना रे?"

मला जाखेनची कीव आली, आणि रागही आला.

पुढे खालच्या गावच्या टाकीतला जिवंत जिवाणूंचा गाळ टँकरने आणून माझ्यात ओतला. वसंतात पाणी पुन्हा निवळू लागलं आणि गावाने हुश्श केलं. प्लासी मेंजाला म्हणाले, "दुसरे मासे आणून देतो की."

"आणाल हो. पण ते माझे कसे होतील?" असं म्हणून तिने पाणी सोडून देऊन तळी रिकामी केली.

पुढच्या हिवाळ्यात तसाच बर्फ पडला. पुन्हा कुरण शर्यतीसाठी राखलेलं, पुन्हा तीच मंडळी झाकणापाशी उभी. जाखेनने आकडा पुढे केला. "घ्या. पण आधी खाली जाऊन ताईला विचारून या."

खाली जायला कोणी तयार होईना. शेवटी प्लासींनी बर्फाची पहिली ढकलगाडी उचलली आणि ते कुरणाकडे निघाले. त्या वर्षी शर्यत झाली नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावाच्या उताराला माझ्यासारखी एखादी टाकी असेल. गटारात काही ओतण्याआधी ते पुढे कुणाच्या दारात जातंय, एवढं विचारा. माझं पोट उसन्या गाळाने भरलं. मेंजाची तळी अजून कोरडी आहेत.