थांबलेली शाल

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. लोखंडी बूड, वर पत्र्याची परात आणि चकतीवर फिरणारा काटा, एवढाच माझा संसार. कारागिराने मला शून्यावर उभं राहायला शिकवलं आणि मी एका खरेदी-एजंटच्या गोदामात आलो.

दूरदेशीची माणसं इथल्या दुकानांतल्या वस्तू पसंत करत. आमचा एजंट त्या विकत घेई, गोदामात जमवी आणि एकत्र बांधून पाठवी. बांधणीचं काम गोदामातल्या ताईंकडे होतं. त्यांनी हत्तीलाही डब्यात बसवलं असतं! विमानात जागेलाही भाडं असतं. खोकं हलकं पण अवाढव्य असलं, तर आकारावर पैसे पडतात. म्हणून ताई वस्तूंचे रिकामे डबे काढून टाकत, लोकरीचे कपडे पिशवीत घालून आतली हवा ओढून घेत. सुट्या पार्सलांपेक्षा एकच खोकं स्वस्त पडे. गिऱ्हाइकं दुवा देत. ताई मला थोपटत आणि माझी छाती फुगे.

एकदा दूरदेशीच्या एका आजोबांचा फोन आला. त्यांनी आजारी बायकोसाठी शाल आणि रजई मागवली होती. शाल आली होती, रजई दुकानातच अडकली होती.

"शाल तरी पुढे पाठवता का? तिला सारखी थंडी वाजते हो."

"पाठवते, पण भाडं दोनदा पडेल, आजोबा. रजई आली की एकत्रच धाडू. थोडं थांबा."

आजोबा थांबले.

रजई आली तशी ताईंनी उत्साहाने फोन लावला. "आजोबा, अगदी छोटं खोकं झालंय!"

पलीकडून आवाज आला, "ती गेली हो, ताई."

ताईंनी हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. "सामान... परत करू का?"

"नको. पाठवा. फक्त ती शाल दाबू नका. मोकळी राहू दे."

ताईंनी पिशवी कापली. शाल हळूहळू वर आली, कुणीतरी खोल श्वास घ्यावा तशी. खोकं वाढलं, भाडं वाढलं. माझ्यावर वजन मात्र तेवढंच भरलं.

त्यानंतर माझा काटा शून्यावर टिकेना. परात रिकामी, वारा नाही, उंदीर नाही, तरी तो जरासा पुढे सरके, कुणी बिचकत पाऊल ठेवावं तसा. दुरुस्तीवाल्याने मला खोलून पाहिलं. "स्प्रिंग ठणठणीत आहे," म्हणाला. शेवटी एजंटने विजेवर चालणारा, आकडे दाखवणारा नवा काटा आणला आणि मला कोपऱ्यात ढकललं. आता माझ्यावर धूळ बसते. काटा हलला की ताई हातातलं काम थांबवतात आणि हळूच म्हणतात, "पाठवली हो शाल." काटा थरथरतच राहतो.

मित्रांनो, भाडं जरूर वाचवा. वस्तू एकत्र करा, खोकं लहान करा. पण कुणाला थांबायला सांगण्याआधी विचारा, पलीकडे कोण वाट पाहतंय. ताई आता प्रत्येकाला तेच विचारतात. कुणी "घाई आहे" म्हणालं, की त्या अर्धवट भरलेलं खोकंही लगेच रवाना करतात. ते माझ्यावर तोललं जात नाही. तरी दाराबाहेर जाताना दिसलं की बरं वाटतं.