हो हो, नक्की

दोन हजार पाच सालच्या एप्रिलमध्ये आमच्या हॉलच्या खिडकीत निवडणुकीची, तीन पक्षांची तीन पोस्टरं लागली होती. एक लाल, एक निळं, एक पिवळं. तिन्ही लावणारा माणूस एकच, आमचे उल्हासराव.

“अहो, हे घर आहे की धर्मशाळा?” मी विचारलं.

“अगं, दारात उभी राहतात बिचारी माणसं. वारा काय सुटलाय बाहेर! त्यांना नाही कसं म्हणायचं?”

“तोंडाने म्हणायचं.”

“ते तू म्हण. तुला सवय आहे.”

मला सवय आहे हे खरं. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीमागे माझी अख्खी नोकरी गेली. तिथे वेळेवर ‘नाही’ म्हणता आलं नाही तर माणूस दगावतो. रिटायर झाल्यावर भाच्याने मला ब्लॉग काढून दिला आणि मी त्याचं नाव ठेवलं ‘एल्मस्टोची बखर’. एल्मस्टो हे आमचं गाव, नॉटिंगहॅमपासून बसने अर्ध्या तासावर. कुठल्या दुकानात कैऱ्या आल्या, कौन्सिलने कुठला खड्डा अजून बुजवला नाही, गणपतीत कोण कुणाशी भांडलं, असलं सगळं मी मराठीत लिहायचे. वाचक मोजकेच. पण गावातली झाडून सगळी मराठी घरं त्यात होती आणि काहीजण तर केवळ माझ्याशी वाद घालता यावा म्हणून वाचायचे.

त्या वर्षी पार्लमेंटची आणि कौंटी कौन्सिलची निवडणूक मे महिन्यात एकाच दिवशी होती. मी बखरीत जाहीर करून टाकलं की जो उमेदवार आमच्या दारात येईल त्याच्यावर मी लिहीन, कुणाची भीड ठेवणार नाही आणि माझं मत कुणाला ते शेवटपर्यंत सांगणार नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांनाही इथे मत देता येतं, हे तर मी हिवाळ्यापासून बोंबलून सांगत होते. व्हिसावर आलेल्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांना ते खरंच वाटायचं नाही.

पार्लमेंटला उभ्या असलेल्या बाई आल्या. त्यांच्यावर मी लिहिलं, ‘बाईंनी माझा हात हातात घेतला आणि नजर पुढच्या घराकडे ठेवली. चहा नको म्हणाल्या, आणि त्यांना तो खरंच नको होता. अशा माणसाशी बोलायचं काय?’ पिवळ्या पक्षाचा एक तरुण आमच्या गुलाबांची छाटणी चुकली आहे असं सांगून गेला. ‘त्याचं बरोबर होतं,’ मी लिहिलं, ‘मुलगा राजकारणात फुकट चाललाय.’ मग आले मि. व्हीटली. आमच्या भागाचे कौंटी कौन्सिलर, बरीच वर्षं तेच. ‘दर चार वर्षांनी हे गृहस्थ माझं नाव चुकीचं उच्चारतात. पण उच्चारतात, एवढं मान्य करायला हवं.’

आणि मग सुचेता आली.

सुचेता माझ्या मैत्रिणीची मुलगी. इथेच जन्मलेली, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. तीन वर्षांपूर्वी तिची आई गेली, तेव्हा आईची सगळी मराठी पुस्तकं तिने कोपऱ्यावरच्या छोट्या लायब्ररीला दिली. लायब्ररीवाल्यांनी त्यांना एक अख्खा कप्पा मोकळा करून दिला. सुचेताला स्वतःला मराठी वाचायला नाकी नऊ येतात, एकेक अक्षर लावत एक पान होतं. पण दर शनिवारी ती तिथे जाते आणि त्या कप्प्यासमोर उभी राहून एखादं पुस्तक काढते. आता कौंटीने ती लायब्ररी उन्हाळ्यात बंद करायचं ठरवलं होतं आणि त्या ठरावाला व्हीटलींनी हात वर केला होता. पुस्तकं कुठे जाणार, ते कुणी सांगेना. तेव्हा ही पोरगी कुठल्याही पक्षाशिवाय, एकटी, त्यांच्याविरुद्ध उभी राहिली.

तिच्यावरही मी लिहिलं. ‘उमेदवाराने प्रत्येक वाक्य सॉरीने सुरू करू नये. पत्रकावरचा फोटो पासपोर्टवर असतो तसा आलाय. लायब्ररीबद्दल बोलते तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं, बसबद्दल बोलते तेव्हा घड्याळाकडे लक्ष जातं. अभ्यास कमी.’

तिचा फोन आला. “मावशी, तुम्ही फार harsh लिहिता.”

“खोटं लिहिलंय का?”

“नाही.”

“मग सुधार.”

पुढच्या आठवड्यात मी लिहिलं की ती फार भरभर चालते, दार उघडायच्या आत पुढच्या घरी पोचते. त्याच्या पुढच्या आठवड्यात कोट बदल म्हणून लिहिलं. उल्हासराव म्हणाले, “अगं, पोरीच्या मागे काय हात धुऊन लागली आहेस?” मी म्हटलं, निःपक्षपातीपणा म्हणतात त्याला.

चैत्रातलं हळदीकुंकू त्या वर्षी आमच्याकडे होतं. लेस्टरहून कैऱ्या आणून मी आंब्याची डाळ आणि पन्हं केलं होतं, हरभरे भिजवले होते. उल्हासरावांना वर बेडरूममध्ये पाठवलं होतं. सुचेता किचनमध्ये माझ्या मदतीला होती, ग्लासांत पन्हं ओतत होती आणि भलतीच खुशीत होती.

“मावशी, मराठी votesचा आता मला काही टेन्शन नाही. सगळ्या घरात जाऊन आले. एकाने पण नाही म्हटलं नाही! सगळे म्हणाले, हो हो, नक्की. I’ve put them all down as definite. आता मी फक्त canalच्या पलीकडे, इंग्लिश लोकांकडे जाणार.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात बेल वाजली. वर बसवलेले उल्हासराव कसे कोण जाणे धावत खाली आले, आणि त्यांनी दार उघडून ज्यांना आत घेतलं ते होते मि. व्हीटली.

कोटावर निळं रोझेट, म्हणजे पक्षाच्या रंगाचं रिबिनीचं फूल, लावलेला तो उंच माणूस सिल्कच्या साड्यांच्या मधोमध उभा राहिला आणि बघता बघता त्याचा पाहुणचार सुरू झाला. कुणी त्याच्या हातात पन्ह्याचा ग्लास दिला, कुणी मूठभर ओले हरभरे. ते त्याने तिथल्या तिथे मनापासून खाल्ले. मग रुमालाने हात पुसून म्हणाला, “Well, ladies, can I count on you on the fifth?”

हॉलमधल्या सगळ्या माना एकदम हलल्या. “Yes, yes! Sure, sure!” एका बाईने तर आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात त्याच्यासाठी आंब्याची डाळ भरून दिली. व्हीटली तृप्त होऊन गेले.

किचनच्या दारात सुचेता हातात जग घेऊन उभी होती. काल-परवा ज्या ज्या बाईने तिला हो म्हटलं होतं, त्यातली प्रत्येकजण आता व्हीटलींना हो म्हणाली होती, तीसुद्धा त्याच गोड आवाजात. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला इतकं वाईट वाटलं की हातातली कुंकवाची कोयरी मी तशीच खाली ठेवली.

बायका गेल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली. “They lied to me, मावशी. आईच्या मैत्रिणी आहेत सगळ्या.”

आपण हिला काही सांगणं माझ्या निःपक्षपातीपणात बसतं का, असा एक विचार मनात आला. म्हटलं, व्हीटलींनी विचारलं असतं तर त्यांनाही सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

“खोटं कुणी बोललं नाही,” मी म्हटलं. “दारात आलेल्या माणसाला आपण तोंडावर नाही म्हणत नाही, एवढंच. हो हो, नक्की म्हणजे, तुम्ही आलात, बरं वाटलं, सावकाश जा. मताचा त्यात काही संबंध नाही. तुझ्या काकांनी खिडकीत तीन पोस्टरं लावली आहेत, बघितलीस ना?”

“मग खरा ‘हो’ कसा असतो?”

“खऱ्यात हो नसतोच. आपला मानलेला माणूस समोर आला की आपण त्याला धारेवर धरतो. हे का केलं नाहीस, ते असं का केलंस. जो तुझ्या चुका काढेल, तुला दारात ताटकळत ठेवून सल्ले देईल, तो तुझा. परक्या माणसासाठी कोण एवढा घसा कोरडा करतो?”

तिने ओट्यावरचे ग्लास एकात एक घातले. मग म्हणाली, “So I should go back and ask what’s wrong with me?”

“विचारून तर बघ.”

ती पुन्हा प्रत्येक मराठी घरी गेली. या वेळी मत मागितलंच नाही. ‘माझं काय चुकतंय, सांगा’ एवढंच विचारलं. मी बरोबर गेले नाही, शब्द दिला होता ना वाचकांना! पण संध्याकाळी ती आमच्याकडेच यायची आणि सगळं कानावर पडायचंच. माणसं अशी सुटली म्हणे, की जणू कुणीतरी विचारेल म्हणून वर्षानुवर्षं वाट बघत बसली होती. एकीला शाळेजवळ दिवा हवा होता. एकीने सांगितलं की लायब्ररी लायब्ररी काय करतेस, तिथे वर जायला म्हाताऱ्यांना कठडा नाही, ते आधी बोल. बँकेतून रिटायर झालेले हरीशभाऊ पहिल्या खेपेला गोड हसून हो म्हणाले होते आणि मुठीत पेढा दिला होता. या वेळी ते दारातच तासभर ओरडले.

“त्याने मला घरात पण नाही घेतला!” सुचेता हसत होती आणि डोळे पुसत होती. “म्हणाला, तुझ्या leafletवर बसबद्दल एक ओळ आहे, एक! तुझी आई असती तर तिने तुला हे असं छापू दिलं असतं का?”

“अभिनंदन,” मी म्हटलं.

एका घरी मात्र परत तसंच हसून ‘हो हो, नक्की’ झालं. ते नाव तिने मुकाट्याने खोडलं.

मतदानाच्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं शाळेच्या हॉलमध्ये जाऊन दोन्ही मतं देऊन आलो. बाहेर हरीशभाऊ आपल्या गाडीतून व्हिसावाल्या पोरांना उतरवत होते आणि एकाला ‘पार्लमेंटची वेगळी, कौंटीची वेगळी, गोंधळ घालू नकोस’ म्हणून दम भरत होते. इथे पक्षांची माणसं संध्याकाळी आपापल्या पक्क्या मतदारांना आठवण करायला घरोघर येतात. आमच्याकडे तिन्ही पक्षांची आली. उल्हासरावांनी तिघांनाही सांगितलं, “Yes, yes, done!” तिघंही खूश होऊन गेले.

कौंटीची मोजणी शुक्रवारी होती. मी सकाळपासून बखरीसाठी काहीतरी लिहायला बसले होते आणि एक शब्द सुचत नव्हता. मला ती जिंकायला हवी होती. बखरीत लिहिलं नव्हतं, नवऱ्याला सांगितलं नव्हतं, पण एवढं मनापासून मला बऱ्याच वर्षांत काही हवं झालं नव्हतं. तिच्या आईचा तो कप्पा सारखा डोळ्यांसमोर येत होता. फोन वाजला की मी दचकायचे, आणि फोन कुणाकुणाचे, तर ‘निकाल लागला का’ विचारणाऱ्यांचे.

चारच्या सुमाराला बेल वाजली. दारात सुचेता. केस विस्कटलेले, कोटावर पांढरं रोझेट.

“जिंकले,” ती म्हणाली. “एका classroomमध्ये बसतील एवढ्याच votesनी. पण जिंकले.”

उल्हासरावांनी साखरेचा डबाच आणला आणि तिच्या तोंडात चमचाभर साखर घातली. ती साखर चघळत सांगत होती की हरीशकाकांचा फोन येऊन गेला, अभिनंदन वगैरे काही नाही, बसचं कधी करतेस म्हणून विचारलं. व्हीटलींनी हात मिळवला आणि तुमची ती पिवळी डाळ फार छान होती असं सांगितलं.

“आमच्या घरची दोन मतं तुला होती बरं का,” उल्हासराव म्हणाले. “म्हणजे माझं नक्की. हिचं कुणाला, ते ही सांगत नाही.”

“काका, तुमचा नव्हता धरला मी. तुम्ही सगळ्यांनाच हो हो म्हणता.”

“अगं, पण मी खरंच दिलं!”

“मावशींचा धरला होता. सगळ्यात पहिला.”

“कशावरून?” मी म्हटलं. “मी तुला एकदाही हो म्हटलेलं नाही.”

“त्या हळदीकुंकूनंतर मी घरी जाऊन तुमची बखर परत वाचली. पूर्ण, सगळे आठवडे. एक एक अक्षर लावून. मला चार दिवस लागले. व्हीटलीवर तुम्ही दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या पार्लमेंटवाल्या बाईवर पण तेवढंच. आणि माझ्यावर? माझा फोटो, माझा कोट, माझं चालणं, माझा सॉरी. एवढ्या चुका माझ्या कुणीच नाही काढल्या, मावशी. आई गेल्यापासून कुणीच नाही.”

उल्हासराव एकदम खिडकीकडे वळले आणि ती तीन पोस्टरं काढायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला दिसलं होतं.

“रोझेट वाकडं लावलंयस,” मी म्हटलं आणि पुढे होऊन ते सरळ केलं.