शेवटचा नग

त्रिकोण लाल होता, आणि निळ्या कपाच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात असा बसला होता की जणू तो कपाबरोबरच भट्टीतून निघाला असावा. तिने फोटो मोठा केला, मग लहान, मग पुन्हा मोठा. त्रिकोण जागचा हलला नाही. म्हणजे जमलं. कडा सुबक, आतली अक्षरं पांढरी: शेवटचा नग. तिने पडद्यावर बोट टेकवलं. बोटाला काच लागली. अलीकडे बोटाला जे काही लागायचं ते काचेसारखंच लागायचं — चादर, नळाचं पाणी, आईचा हात.

हे त्रिकोण आधी ताई हाताने लावायची. मातीच्या कपांचं, वाडग्यांचं, सुरयांचं हे ऑनलाइन दुकान ताईचं आणि भावजींचं. माल आणणं, कुंभाराशी हुज्जत घालणं भावजींकडे. पण सवलतीचा त्रिकोण कुणावर लावायचा आणि कधी काढायचा हे ताई रोज सकाळी एकेक फोटो उघडून ठरवायची. ह्याला आता जाऊ दे... हिला अजून थोडी बसू दे... उपवर मुलींची स्थळं बघावीत तशी. ताई गेली आणि त्रिकोण जिथल्या तिथे राहिले. किंमत चढली तरी सवलतीचा त्रिकोण तसाच, आणि गिऱ्हाईक फोनवर भांडायला तयार. तेव्हा भावजींनी धाकट्या मेहुणीला बोलावलं. नियम लिहायचे आणि यंत्राला ते पाळायला लावायचे, हे तिचं कामच होतं. किंमत उतरली की त्रिकोण लागेल, चढली की निघेल. एकच नग उरला की 'शेवटचा नग', आणि वर थोडी सवलत. कुणी बघायची गरज नाही.

"काय शास्त्रज्ञ, झालं का?" भावजी दारातूनच म्हणाले. हल्ली ते खोलीत पूर्ण येत नसत.

"चाचणी चाललीय."

"अपवाद ठेवू नकोस हं कुठे. अपवाद आला की परत कुणीतरी बघत बसणं आलं."

खोक्यांना चिकटपट्टी लावणाऱ्या बाईंनी पट्टी फर्रकन ओढली. "चहा पण करतो का हो तुमचा नियम, धाकट्या ताई?"

"अजून नाही."

"मग काय कामाचा मेला!"

भावजी हसले. तीही हसली, ओठ हलले, गाल वर गेले, सगळं योग्य क्रमाने झालं हे तिला कळलं. धाकट्या ताई... थोरली नसताना धाकटी हे कशाच्या मानाने, असा एक प्रश्न तिच्या मनात आला आणि गणितातल्या प्रश्नासारखा, काही न दुखवता, निघून गेला.

तिने नियम सगळ्या मालावर चालवला. त्रिकोण रांगेने उमटत गेले. पण गिऱ्हाइकाला दिसतं ते पान उघडलं तेव्हा त्यावर एकही शेवटचा नग नव्हता. ती चूक शोधू लागली — चूक शोधताना तिला बरं वाटायचं, निदान वाईट वाटायचं नाही. चूक नियमात नव्हती. त्या सगळ्या वस्तूंच्या वजनाचा रकाना रिकामा होता. वजन नसेल तर कुरिअरचा खर्च मोजता येत नाही, आणि खर्च मोजता येत नसेल तर दुकान वस्तू दाखवतच नाही. बाकी सगळ्या मालाची वजनं होती, फक्त शेवटच्या नगांची नव्हती. म्हणजे कुणीतरी ती पुसली होती. एक नग उरला की पुसायची.

कुणीतरी.

मागच्या खोलीतल्या रॅकवर ते सगळे होते. एक कप, त्याच्या बशीशिवाय. एक वाडगा. एक सुरई, दोन दिव्यांतला एक दिवा. हे रॅक तिने कितीदा पाहिलं होतं आणि उरलासुरला माल समजून सोडून दिलं होतं... आई डबा कधी रिकामा होऊ द्यायची नाही. साखर असो, डाळ असो, तळाशी चिमूटभर राहिलंच पाहिजे, त्यावरच नवीन ओतायचं. डब्याची भरलेलं असायची सवय मोडू नये, म्हणायची. आणि दोघींपैकी तळ खरवडून बोट चाटणारी ताईच. धाकटी बाहेर पहारा देणार, वाटणी म्हणून तिला चाटायला चमचा... त्याच ताईने इथे हे तळ राखून ठेवले होते. ह्यात रडू यावं असं काहीतरी आहे, हे तिच्या लक्षात आलं. ती थोडी थांबली. आलं नाही. ताई गेली त्या दिवशीही घर भरलं होतं, सगळे रडत होते, आणि ती ओट्याशी उभी राहून चहासाठी कप मोजत होती. एक कमी पडत होता, आणि तेवढंच कमी पडणं तिला समजत होतं.

"ह्यांची वजनं नाहीत," ती म्हणाली. भावजी मागे येऊन उभे होते. "म्हणून दिसत नाहीयेत. ताईने मुद्दाम —"

"माहितीय मला." त्यांनी रॅकला हात लावला नाही. "कर वजनं."

"सगळ्यांची?"

"रोज धूळ कोण पुसतं ह्यांच्यावरची? एकेक उचलायचा, पुसायचा, होता तिथेच ठेवायचा. आठवडाभर तू पुसून बघ, मग आपण बोलू." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला एखादा हवा तर घे ना. पण मग दुकानातून काढून टाक तो. अधांतरी काही ठेवू नकोस, बाई. मला नाही जमत."

ते गेले. ती रॅकसमोर उभी राहिली. एखादा हवा... तिने निळ्या कपाकडे पाहिलं: हवा का? वाडग्याकडे पाहिलं. आत कुठूनच उत्तर आलं नाही, विहिरीत खडा टाकावा आणि आवाजच येऊ नये तसं. आपल्याला काही हवंसं वाटलं नाही तर हे सगळे जातील, एकेक, लाल त्रिकोण लावून, कुणाकुणाच्या घरी. आणि नियम तर आपणच लिहिलाय — हे तिला स्वच्छ समजत होतं. समजणं आणि वाटणं ह्यांच्यामध्ये ती काच होती.

तिने सगळे बाहेर नेले. बाईंनी वजनकाट्यावर कागदाच्या कातरणांनी भरलेला खोका ठेवला आणि बटण दाबलं. आकडा शून्यावर आला.

"असं केलं म्हणजे खोका धरला जात नाही," बाई म्हणाल्या. "नुसत्या वस्तूचं वजन येतं. मोठ्या ताईंनीच शिकवलं मला. आधी मी खोक्यासकट लिहायचे, त्या म्हणायच्या, बाई, पुठ्ठा विकतो का आपण?"

वाडगा. सुरई. दिवा. ती खोक्यात ठेवायची, आकडा वाचायची, रकान्यात भरायची, उचलून बाजूला ठेवायची. रकाना भरला की पलीकडे पडद्यावर ती वस्तू दुकानात उगवायची, कोपऱ्यात त्रिकोण घेऊन. नियम चोख चालत होता. निळा कप राहिला. तोही ठेवला. आकडा आला. तिने तो वाचला, आणि भरला नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं. कप उचलायचा सोडून तिने कपासकट अख्खा खोकाच उचलला, दोन्ही हातांनी, छातीशी.

काट्यावर खोक्याच्या वजनाचा आकडा उमटला, त्याच्या आधी उण्याची रेघ.

ती त्या रेघेकडे बघत राहिली. म्हणजे इतका वेळ वजन होतंच... काटा शून्य म्हणत होता, तेव्हाही तळाशी ते होतंच.

"खोका उचललात ना, म्हणून उणे दाखवतंय," बाई म्हणाल्या. "काही बिघडलं नाही. बटण दाबा, होईल शून्य."

"हो."

कातरणांतून तिची बोटं कपाच्या कडेला लागली होती. कड एका जागी खरखरीत होती. आणि गार — चांगलीच गार. खोका एका हाताने छातीशी धरून तिने दुसरा हात काट्याच्या बटणापर्यंत नेला, आणि तो तिथेच थांबला.

"दाबा की."

"दाबते," ती म्हणाली. आवाज जरा वेगळाच आला, खोल डब्याच्या तळातून यावा तसा, आणि तो आपलाच आहे हे कळायला तिला क्षणभर वेळ लागला. "थांबा जरा... दाबते."